डाव्या हाताचा चाकू

"डाव्या हातानं उघडून बघ, धाकटे. आणि हात आधी ओला कर. कोरड्या हातानं काय, कुणीही उघडेल."

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं हे बोलणं. इस्पितळाच्या खाटेवरून, पहाटे, माझा जप चालू असताना. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. हे व्रत मी लग्नाच्या आधीपासून पाळते, आणि जाऊबाईंना सगळं सांगायचं असायचं ते नेमकं तेव्हाच. घरीही तेच. मी देवापुढे बसले की त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि दिवसभराची कामं माझ्या अंगावर टाकायच्या. पडदे तू धू, दूधवाल्याशी तू भांड, नळ दुरुस्त करायला तुझ्या नवऱ्याला तू सांग. वर म्हणायच्या, "आता बोल ना! नाही म्हण की!" आणि स्वतःच हसायच्या. मला हरवायला तेवढी एकच वेळ मिळते असं त्या म्हणत. खरं तर त्या कुठल्याही वेळी हरवत असत.

त्या पहाटे त्यांच्या उजव्या बाजूला चादर सपाट होती. हात नव्हताच. ताप चढलेला, तरी आवाजात तीच खोड.

"शिडी कारखान्यात जाणार. तू नको म्हणशील, मीही म्हणेन, पण ती जाणार. माझीच पोर आहे. तेव्हा तिला चाकू तू घेऊन द्यायचास. ऐकतेस ना? माझ्यासारखा नको."

शिडी म्हणजे त्यांची मुलगी. उंच वाढली म्हणून आईनंच ठेवलेलं नाव. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून माय-लेकी आमच्याकडेच.

मी मान हलवली. जप पुरा केला, माळ कपाळाला लावली आणि 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तर जाऊबाईंचे डोळे छताला लागलेले होते. माझा 'हो' ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

जाऊबाई आणि मी, दोघी दोराच्या कारखान्यात कामाला. शेड एखाद्या गल्लीएवढी लांब. एका टोकाला मोठं चाक आणि ते चालू-बंद करायचा दांडा. तिथून पार दुसऱ्या टोकापर्यंत ओल्या तंतूंच्या लडी ताणलेल्या, आणि त्यांच्या कडेनं आम्ही बायका रांगेत उभ्या. चाक फिरलं की लडींना पीळ बसत जातो. आम्ही उजव्या हातानं पीळ चाचपत राहायचं आणि गाठ लागली की निसटवायची. म्हणून अडकला तर उजवाच हात अडकतो. बाही अडकते, बांगडी अडकते, कधी नुसती ओली कातडी. दोरानं एकदा धरलं की तो बाई आणि लडी यांत फरक करत नाही. ओरडावं तर चाकाच्या गडगडाटात आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. अशा वेळी चाकू काढायचा आणि दोर कापायचा, एवढंच हातात असतं. एका हातात.

म्हणून प्रत्येकीकडे घडीचा चाकू. तोही बारीक आणि चपटा हवा, कारण जाडजूड चाकू खिशात फुगून बसतो आणि दोर आधी त्यालाच धरतो. आमच्या अंगरख्यांना डाव्या बरगडीवर त्यासाठी एक अरुंद खिसा शिवलेला असतो.

आणि रोज सकाळी चाक फिरवायच्या आधी चाकूची हजेरी. मुकादमबाई दांड्यापाशी उभ्या राहून आरोळी देतात, "चाकू!" मग रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक जण आपला चाकू उघडते. टक्. टक्. टक्. शेडमध्ये उजेड कमी आणि तंतूंची धूळ दाट, लांबचं माणूस दिसतच नाही. म्हणून ही हजेरी कानानं. जिचा आवाज दांड्यापर्यंत पोचला नाही ती रांगेतून बाहेर. तिनं अंगणात लडी सुकवायच्या. त्यात मुकादमबाईंचे कान चाकापायी निम्मे गेलेले. बायका म्हणतात, बाईंना हाक ऐकू येत नाही, चुगली मात्र बरोबर येते.

तेव्हा आमच्यात चाकू घ्यायची रीत अशी की मडकं घ्यावं तसा वाजवून घ्यायचा. दुकानात गेलं की पातं उघडायचं आणि कानाशी धरायचं. जाऊबाईंचा चाकू सगळ्यांत मोठ्यानं वाजायचा. तो उघडला की आढ्यावरची कबुतरं उडायची. "माझी हजेरी वरपर्यंत लागते," म्हणायच्या.

त्यांचा हात गेला तेव्हा मी सुकलेल्या लडी आणायला अंगणात गेले होते. चाक थांबलं तेव्हा चाकू त्यांच्या पायाशी पडलेला सापडला. मिटलेला. सगळ्या म्हणाल्या, वेळच मिळाला नसेल बिचारीला. त्यांच्या सामानाबरोबर तो इस्पितळात गेला आणि तिथून आमच्याकडे आला. मी तो पुसला आणि देवाशेजारच्या डब्यात ठेवला.

घरातले दिवस झाल्यावर मी कामावर परतले. माझ्या शेजारची त्यांची जागा रिकामी होती. नवी बाई अजून मिळाली नव्हती. मुकादमबाईंनी आरोळी दिली. टक्, टक्, टक् करत आवाज माझ्याकडे आला. मी माझा उघडला. आता रिकाम्या जागेवरून उडी मारून तो पलीकडे जाणार होता.

टक्!

कबुतरं उडाली.

रिकाम्या जागेच्या पलीकडे उभी असते ती बडबडी. झोपेत पण बोलते म्हणतात. तिचा हात अजून खिशातच होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं चाकू काढायला दोनदा चाचपलं, मग तिचाही वाजला, पुढचीचा वाजला, आणि लांबून बाईंचा आवाज आला, "चला!" चाक फिरायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत बडबडी एवढंच म्हणाली, "आज गार आहे नाही?" घाम तर तिच्या हनुवटीवरून गळत होता.

त्यानंतर रोज. कोणी त्याविषयी बोललं नाही. ज्या गोष्टीला नाव दिलं नाही ती घरी मागे येत नाही, अशी बायकांची समजूत. माझ्या बाबतीत मात्र ती कारखान्याच्या आधी घरीच यायची. पहाटे मी देवापुढे बसले की ओल्या तंतूंचा वास यायचा, आंबूस, भिजल्या गवतासारखा. आणि मग ओट्याच्या बाजूनं, अगदी रोजच्या आवाजात, "डाव्या हातानं उघडून बघ, धाकटे." मला वळायचं नसायचं आणि बोलायचं नसायचं. जप सोडला असता तर काय विचारलं असतं? हवं काय तुम्हाला, हे मला माहीतच होतं. माळ ठेवून उठावं तर ओट्यावर ओला पंजा उमटलेला. डावा. शिडी उठायच्या आधी मी तो पुसून टाकायचे.

एकदा ह्यांनी पाहिला. नळाखाली वाकून बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाले, "गळतंय कुठंतरी." मी हो म्हटलं. त्यांनी वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंजा. ह्यांनी पुन्हा वायसर बदलला आणि पुढं नळाचं नाव काढलं नाही.

पावसाळा सरता सरता शिडीनं सांगून टाकलं, "काकू, मी बाईंशी बोलून आले. आईची जागा मला देतायत."

"दुसरं काही काम बघू या गं."

"त्या जागेवर दुसरी कुणी उभी राहिलेली मला बघवणार नाही." मग म्हणाली, "आणि आत्ता ती रिकामी आहे, तेही बघवत नाही."

ती रिकामी नसते, असं मी म्हणाले नाही.

चाकू घ्यायला आम्ही दोघी गेलो. कारखान्याच्या रस्त्यालाच चाकू-कात्र्या-कुलपांचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे धारवाले म्हणतात. दुकान अरुंद, मधे काचेची पेटी, आणि पेटीवर हिरवं कापड अंथरलेलं. शिडी आत शिरता शिरताच म्हणाली, "आईसारखा दाखवा."

धारवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आईचा माझ्याकडूनच गेला होता. तसा एक आहे."

काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पात्याला नख घालायची बारीकशी खाच. दिसायला दागिना. त्यांनी तो उघडला आणि समोरच्या दुकानातल्या माणसानं दचकून मान वर केली. शिडीनं तो घेतला, मिटला, कानाशी धरून पुन्हा उघडला. तिचे डोळे मिटलेले होते.

"हाच."

"जरा थांब," मी म्हणाले. "वाटीभर पाणी मिळेल का हो?"

"प्यायला?"

"नाही. हात ओला करायचाय."

"काकू, इथं पण तुझं व्रत?" शिडी पुटपुटली.

"असू दे, असू दे," धारवाले वाटी पुढे सरकवत म्हणाले. "लोक कागद कापून बघतात, हातावरचे केस कापून बघतात. चाकूला आंघोळ घालणारं गिऱ्हाईक आज पहिलं."

मी डावा हात पाण्यात बुडवला. चाकू मिटून त्या हातात घेतला आणि उजवा शिडीपुढे केला. "मनगट धर. दोन्ही हातांनी. आणि ओढ."

ती हसली. "किती जोरात?"

"दोर ओढतो तितकं."

तिचं हसू गेलं. पण तिनं ओढलं.

मी अंगठ्यानं खाच शोधली. खाच पात्याच्या दुसऱ्या अंगाला होती, उजव्या हाताच्या सोयीनं. अंगठा फिरवून तिथवर नेला तर ओलं नख सटकलं. पुन्हा नेला, पुन्हा सटकलं. मूठ मांडीवर दाबून बघितली. पातं केसभरही हललं नाही.

"दे इकडे. तुला जमत नाही," शिडी म्हणाली. तिनं हात ओला केला. आता मी तिचं उजवं मनगट धरलं आणि ओढू लागले. तिनं अंगठा लावला. मग चाकू बरगडीशी दाबून बघितला. मग तो पेटीच्या कडेशी नेला.

"रांगेत पेटी नसते गं."

"माहितीये!" ती चिडली होती. तरुण हात, माझ्याहून बळकट, तरी नख सटकतच होतं. मी आणखी ओढलं. एकदम तिनं चाकू तोंडाशी नेला आणि पात्याची पाठ दातांत धरली.

आणि थांबली.

चाकू तसाच दातांत. मग तिनं तो हळूहळू खाली घेतला. ओठाला पाणी लागलं होतं ते पुसलं नाही.

"काकू, आईच्या चाकूच्या मुठीवर ओरखडे आहेत ना? खाचेच्या अगदी वर?"

"आहेत."

"तू म्हणालीस, यंत्राचे आहेत."

"सगळ्याच तसं म्हणाल्या, बाळ."

वेळ मिळाला नव्हता असं नव्हतं तर. वेळ होता. चाकू हातात होता, दातांत होता, आणि तो उघडत नव्हता.

धारवाले तोंड फिरवून फळीवरची कुलपं सारखी करू लागले. दुकानात ओल्या तंतूंचा वास भरला होता, मला वाटलं मलाच येतोय, पण शिडीनंही नाक वर केलं. धारवाले परत वळले आणि काहीतरी करायचं म्हणून पेटीची काच पुसू लागले. माझ्या ओल्या पंजाचा ठसा पुसला, शिडीचा पुसला. फडकं ठेवलं. मग ते काचेकडे बघत राहिले, फडकं पुन्हा उचललं आणि अजून एक पुसला. तो त्यांच्या बाजूला होता, जिथं आमच्यापैकी कोणाचा हात पोचला नसता.

"दुसरा दाखवा," मी म्हणाले. "एका हाताचा. डाव्या."

त्यांनी खालचा खण ओढला. बऱ्याच खाली दडपलेला एक चाकू निघाला. चपटा, बोटभर रुंदीचा, साध्या करड्या धातूचा. पात्याला अंगठा बसेल एवढं गोल भोक. टोक बोथट, म्हणजे घाईत स्वतःलाच भोसकून घ्यायला नको. धारेच्या बुडाशी बारीक दाते, ओल्या दोरासाठी. उघडल्यावर आतली पट्टी आपोआप आड येते, पातं बोटांवर मिटत नाही. खिशाला अडकवायचा चाप होता, तो त्यांनी काढून दुसऱ्या अंगाला बसवून दिला.

मी पुन्हा हात बुडवला. अंगठा भोकात गेला आणि पातं बाहेर आलं. डोळा उघडावा तसं. मिटलं, उघडलं. शिडीनं मनगट ओढलं, मुरगळलं, तरी उघडलं. मग तिनं स्वतः केलं. पुन्हा केलं. पाणी सगळ्या कापडावर सांडलं.

"पण हा वाजत नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर तळाला गेलाय," धारवाले म्हणाले. "तुमच्याकडच्या बायका हातात घेतात, कानाशी धरतात आणि ठेवून देतात."

मी दोन्ही चाकू, आधी एक मग दुसरा, कोरड्या हातांनी सावकाश उघडून बघितले. काळा चाकू शेवटपर्यंत मागे खेचत होता आणि मग सुटून आदळत होता. ते आदळणं म्हणजेच तो आवाज. स्प्रिंग जितकी कडक, तितका तो वाजणार. आणि जितका वाजणार, तितका तो ओल्या हाताला उघडणार नाही. इतकी वर्षं आम्ही दुकानात येऊन कानाशी धरून जे मागत होतो, ते हेच होतं.

"दोन्ही घेऊ," शिडी म्हणाली. "हजेरीला तो आणि कामाला हा."

"घाबरलेला हात विचार करत नाही. रोज ज्या खिशात जातो, तिथंच जातो."

"मग बाईंनी मला अंगणात धाडलं तर?"

"तर सुकव लडी."

"काकू! जागा देतील ना दुसरीला!"

"देऊ देत."

"तुला काय जातंय बोलायला! आई तुझी नव्हती." कोणावर आवाज चढवायचा नाही हे माझं दुसरं व्रत. मी नुसता करडा चाकू तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली. ती घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवतानाही नाही. ह्यांनी दोघींकडे बघून सुस्कारा टाकला, "एक मौनी पुरे होती की घरात."

ती कामावर रुजू होणार त्या पहाटे मी देवापुढे बसले. वास नाही, आवाज नाही. ओटा कोरडा. मला वाटलं, पोचलं जाऊबाईंना. डोळे भरून आले. माझा जप त्या दिवशी किती हलका झाला होता म्हणून सांगू.

कारखान्यात मुकादमबाईंनी शिडीच्या पाठीवर थाप मारली. "आईचं नाव राख हं पोरी." मी पुढे झाले. "बाई, हिच्या चाकूचं जरा सांगायचं होतं. तो वाजत नाही, पण..." बाईंनी माझ्या ओठांकडे बघून मान डोलावली, माझ्याही पाठीवर थाप मारली आणि त्या दांड्याकडे निघून गेल्या. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

"चाकू!"

टक्. टक्. लांबून येणारा तो आवाज. माझ्या अलीकडचीचा. माझा. मग शिडीनं हात खिशात घातला, आणि मी पाहिलं, तिनं तो डाव्या हातानं, नीट, घाई न करता उघडला. पातं बाहेर आलेलं मला दिसलं. आवाज काही नाही. शेड गप्प. बडबडीनं मान वळवली. लांब दांड्यापाशी बाई कान टवकारून उभ्या असणार. आता त्या विचारणार, आता तिला बाहेर बोलावणार.

टक्!

शिडीच्या मागून. तिच्या आणि भिंतीच्या मधल्या, माणूस मावणार नाही अशा जागेतून. कबुतरं उडाली.

"शाबास!" बाईंची आरोळी आली. "आईवर गेलीय पोरगी! चला!"

चाक फिरलं. शिडीच्या मानेवर बारीक केस असतात, ते ओले होऊन चिकटलेले मला दिसत होते. कोणीतरी अगदी जवळून श्वास टाकावा तसे. दिवसभर तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. काम मात्र चोख केलं.

जेवणाच्या सुट्टीत बडबडी आमच्याकडे आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची जीभ मोकळी सुटली होती. "काय गं वाजतो तुझा! थोरलीच्या तोडीस तोड! मी मनात म्हणतच होते, आवाज कुठून येतो ते कळलं की भीती जाते." बिचारीला तो आवाज एकदाचा जिवंत हाताच्या नावावर लावता आला होता, त्याचाच तो आनंद. "कुठला गं? धारवाल्याकडचा काळ्या शिंगाचा ना? माझ्या सुनेला उद्यापासून रांगेत घेतायत. संध्याकाळी तोच घेते तिला."

"तो घेऊ नका," मी म्हणाले. "तो ओल्या हाताला उघडत नाही. डाव्या हाताला तर मुळीच नाही. हवं तर बघा."

"अहो, पण वाजतो ना?" ती म्हणाली. "न वाजणारा घेतला तर बाई तिला अंगणात बसवतील. मग जागा जाईल आणि घरात बसून माझं डोकं खाईल. अंगण काय, घर काय!" आणि हसत हसत गेली. आणखी दोघी-तिघी कान देऊन ऐकत होत्या. त्याही तिच्यामागे विचारत गेल्या, काळ्या शिंगाचा का, अजून असतील का त्याच्याकडे.

शिडी डबा न उघडता बसली होती.

"मी उघडला तेव्हा काहीच वाजलं नाही, काकू."

"माहीत आहे."

"आवाज माझ्या मागून आला. आणि वास." ती बोटांनी डब्याचं झाकण चाचपत होती. "मला भीती नाही वाटली. पण त्यांना बघ. तिच्या आवाजावर त्या सगळ्या जणी तो चाकू घेणार. तिनं ज्याला दात लावले, तोच. तिला कळत नाही का?"

"आईला फक्त तुझी जागा दिसत असेल, बाळ. बाकी कुणी दिसत नसेल."

"मग ती किती दिवस अशी वाजवत उभी राहणार? माझ्यासाठी?" तिनं डबा बाजूला सारला. "तू सांग ना तिला."

मी विचार केला. त्यांना काय सांगणार? जोवर हजेरी कानानं होते, तोवर त्यांना वाजवावंच लागणार. नाहीतर पोरीची जागा जाणार. आणि त्यांनी वाजवलं की बडबडीची सून तो काळा चाकू खिशात घालून पिळाच्या रांगेत उभी राहणार.

"तिला नाही सांगत. बाईंना सांगते. हजेरी कानानं घेऊ नका. रांगेतून चालत या, प्रत्येकीचा डावा हात ओला करा आणि डोळ्यांनी बघा. आज संध्याकाळी सांगते."

"बाईंना तुझं ऐकू जात नाही."

"त्यांच्या कानाशी बसेन. आवाज चढवायची मला बंदी आहे, कानाशी बसायची कुठं आहे?"

ती पहिल्यांदा थोडी हसली. "नक्की? वचन दे."

"हो," मी म्हणाले. "उद्यापासून आईला वाजवावं लागणार नाही."

घरी आल्यावर मी हात-पाय धुतले. शिडीनं न मागता तिचा चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो आणि माझा स्वतःचा, मोठ्यानं वाजणारा, असे दोन्ही रुमालात गुंडाळले. दोन्ही हातात दिल्याशिवाय बाईंना पटणार नव्हतं. शिडी दारापर्यंत आली.

"मी येऊ?"

"नको. तू जेव."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"तर उद्या पुन्हा जाईन. परवा पुन्हा जाईन. रोज एकच गोष्ट करायची मला सवय आहे."

मुकादमबाई कारखान्याच्या मागच्या चढावर राहतात. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते आणि धारवाल्याच्या दुकानात बडबडीचा आवाज येत होता. तिच्याशी वाद घालायला मी थांबले नाही. त्या चढावरचा रस्ता अरुंद आहे, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा. मी रुमाल घट्ट धरला आणि भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले, बाजूला एकीला जागा राहील इतकं अंतर ठेवून.